फोटोतला पाठमोरा जमादार

माझी नोकरी वाहतूक शाखेतली, आणि तिचा बराचसा भाग नांदेडच्या चौकांत उभं राहण्यात गेला. शिट्टी, हात आणि आवाज एवढ्यावर मी गाड्या हलवतो असा माझा समज होता. आता वाटतं, गाड्या आपल्या आपण हलत असाव्यात आणि मी मध्ये उभा असेन. पुढे लातूरला बदली झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा साहेबांनी मला उन्हातून उचलून एका गार खोलीत बसवलं. गारवा अर्थात माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता.

त्या खोलीत बसून मी फोटो बघायचो. शहरातल्या खांबांवर कॅमेरे लागले होते. नो पार्किंगच्या जागी एखादी गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली की कॅमेरा तिचे दोन फोटो पाठवायचा, एक गाडी लागतानाचा आणि एक बऱ्याच वेळानंतरचा. नंबर प्लेटभोवती हिरवी चौकट असायची. पण चलान थेट जात नसे. आधी एका अंमलदाराने दोन्ही फोटो बघायचे, विचार करायचा आणि मग 'मंजूर' किंवा 'नामंजूर' दाबायचं, असा वरून हुकूम होता. त्याला कारण होतं. सुरुवातीला सगळं मशीनवर सोपवलं, तेव्हा त्याने एका हातगाड्याला चलान लावलं. गाडेवाल्याने भंगारातली स्कूटरची प्लेट फळीला ठिगळ म्हणून ठोकली होती, आणि त्या स्कूटरचा जुना मालक रेणापूरहून कागदपत्रं घेऊन भांडायला आला होता. तेव्हापासून मशीनच्या जोडीला माणूस पाहिजे असं ठरलं, आणि माणूस म्हणून मला निवडलं.

ही निवड मी जरा जास्तच मनावर घेतली. शेजारच्या खुर्चीवर एक महिला पोलीस नाईक बसायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम मुकाट्याने फोटो बघायच्या आणि बटण दाबायच्या. मी मात्र प्रत्येक फोटोवर भाष्य करायचो. एकदा एका मेडिकल दुकानासमोर लागलेल्या गाडीचा फोटो आला. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि रस्त्यावर एकच चप्पल पडलेली होती. मी म्हटलं, इथे कोणाला तरी उचलून आत नेलंय, माणूस स्वतः चालत गेला असता तर चप्पल सुटली नसती. नामंजूर केलं. चौकशी केल्यावर ते खरं निघालं, साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि तिथून माझ्या डोक्यात हवा गेली. ती चप्पल मी शाखेत सांगितली, कँटीनमध्ये सांगितली, लग्नाकार्यांत पंगतीत बसून सांगितली. बायको तर मी 'एकदा काय झालं' म्हणालो की उठून पाणी आणायला जायची.

याच सुमारास माझ्या मुलीची सोयरीक उदगीरला जमली. याआधीची स्थळं तिने काही ना काही कारण काढून परतवली होती. या वेळी मुलगा बघून गेला आणि ही दोन दिवस घरात गुणगुणत फिरत होती, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. मुलाला वडील नव्हते. त्याच्या मामांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, त्यामुळे त्या घरात मामांचा शब्द शेवटचा. मामा उदगीरचे आडत व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, बोलणं मोजकं, आणि मानपानाच्या बाबतीत माणूस भलताच नाजूक. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांनाही चप्पल सांगितली. ते अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकत होते.

"मंग आमच्या गाडीकडं बगून काय सांगताव?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर गेलो. त्यांच्या जुन्या जीपभोवती एक चक्कर मारली, चाकावरची धूळ बोटाने पुसली, नाकाजवळ नेली आणि म्हटलं, "तुम्ही सरळ नळेगाववरून आला नाहीत. चाकूरवरून आलात." मामा सुपारी कातरायचे थांबले. सगळे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. खरी गोष्ट अशी होती की चाकूरला एका नातलगाकडे चहाला थांबलोय, उशीर होईल, असा मामींचा फोन माझ्या बायकोला येऊन गेला होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी धूळ पॅंटला पुसून आत येऊन बसलो.

लग्नाची तारीख धरली आणि बस्त्याचा दिवस आला. आमच्याकडे बस्ता बांधायचा म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून कापडाच्या दुकानात जातात आणि सकाळी गेलेली दिवेलागणीला बाहेर पडतात. नवरीच्या शालूपासून लांबच्या आत्याच्या लुगड्यापर्यंत सगळं पांढऱ्या गादीवर उलगडून बघायचं, नाकारायचं, परत मागवायचं. दुकान गोलाईजवळ, म्हणजे लातूरच्या सगळ्यात गजबजलेल्या भागात होतं. मला सकाळची ड्युटी होती. घरी जाऊन कपडे बदलायला वेळ होता. तरी मी युनिफॉर्मवरच गेलो. का गेलो ते वेगळं सांगायला नको.

पाहुणे आले ते नव्या पांढऱ्या मोठ्या गाडीतून. ती मी याआधी पाहिली नव्हती. मामा स्वतः चालवत होते. दुकानासमोर वेग कमी करून त्यांनी काच खाली केली.

"पाहुणे, इथं नो पार्किंगची पाटी हाय की. फुडं कुटं लावू का?"

"मी आहे ना, मामा," मी म्हटलं. "लावा इथेच."

गाडीत मागे बसलेल्या बायका ऐकत होत्या. होणारा जावई ऐकत होता. माझी मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी होती. मी टोपी काढून काखेत मारली, कारण आत डोकं घामाने निथळत होतं, आणि गाडीच्या मागे उभा राहून हात हलवायला लागलो. येऊ द्या, येऊ द्या, थोडं उजवीकडे, बस. मागून येणारी एक रिक्षा मी दरडावून थांबवली. गाडी अगदी पाटीखाली लागली. त्या खांबावर कॅमेरा आहे हे जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? पण मी कॅमेऱ्यासमोरही येऊ शकतो ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरलीच नाही. मला पडद्यापुढे बसायची सवय झाली होती.

बस्ता थाटात झाला. मामांनी निघताना माझा हात हातात घेऊन "लई सोय केलाव" म्हटलं.

लग्नसराईमुळे फोटोंचा ढीग पडला होता, त्यामुळे त्या दिवसाचे फोटो माझ्यासमोर बऱ्याच दिवसांनी आले. कॅमेऱ्यांना नुसते क्रमांक असतात, आणि कापडाच्या दुकानांसमोरच्या पांढऱ्या गाड्या दिवसभर इतक्या बघाव्या लागतात की त्या सगळ्या एकाच घरच्या वाटायला लागतात. मी एकामागून एक मंजूर करत चाललो होतो. मध्येच एक फोटो आला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

पांढरी गाडी नो पार्किंगच्या पाटीखाली लागत होती. आणि तिच्या मागे, कॅमेऱ्याकडे पाठ करून, चक्क एक पोलीस उभा राहून तिला जागा दाखवत होता.

"मॅडम, इकडं या जरा," मी म्हटलं. "हा शहाणा बघा कोण आहे."

मॅडम उठून आल्या. फोटो कॅमेऱ्याच्या उंचीवरून काढलेला. पोलिसाची टोपी काखेत, डोक्याच्या मागच्या बाजूला बशीएवढं टक्कल, पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी ओघळलेलं पोट, आणि एक हात असा लांब केलेला की लग्नात वाढपी पंगतीला बसा म्हणतो तसा. मॅडमनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत फोटो पाहिला.

"कोणत्या ठाण्याचा असेल?" मी विचारलं. "अंगात शिस्त म्हणून नाही बघा. टोपी कुठे ठेवलीय. आणि पोट बघा किती सुटलंय, या माणसाला पळायची वेळ आली तर काय करणार?"

"आता पाठीवरून कसं सांगावं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "जमादार साहेब, हे आज राहू द्यायचं का? उद्या शांतपणे बघू."

"राहू द्यायचं काय त्यात? अशा माणसांमुळेच खात्याचं नाव जातं."

मी दुसरा फोटो उघडला. बऱ्याच वेळानंतरही गाडी तिथेच. मंजूर दाबलं, आणि तेवढ्यावर न थांबता शेऱ्याच्या चौकटीत माझ्या सगळ्यात चांगल्या सरकारी मराठीत लिहिलं की सदर छायाचित्रात एक गणवेशधारी अंमलदार वाहनचालकास मनाई क्षेत्रात वाहन लावण्यास प्रत्यक्ष साहाय्य करताना दिसून येतो, तरी सदर अंमलदाराचा शोध घेऊन त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. मग ते मॅडमना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मला वाटलं त्यांना सर्दी झालीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मामांचा फोन आला. आवाज अगदी शांत. त्या शांतपणानेच माझा घास हातात राहिला.

"जेवन झालं का, पाहुणे?"

"चालूय, मामा."

"मोबाइलवर येक चलान आलंय. फोटो बी हाय त्याच्यात, शेरा बी हाय. लावा म्हनलाव तुमीच. चलान केलाव तुमीच, खाली तुमचंच नाव हाय. आन वरून, ह्या पोलिसाचा शोध घ्या म्हनून लिवलाव बी तुमीच. आता आमी काय समजावं?"

मला आधी काही कळेना. मग सगळं एकदम कळलं, आणि तोंडातून खरं तेच निघालं. "मामा, मला ओळखू आलं नाही."

"आमची गाडी?"

"गाडीही नाही. तो पोलीस."

पलीकडे मामांनी आडतीतल्या हमालांना गप्प केलं.

"तुमाला तुमीच वळखू आलाव न्हाई," मामा म्हणाले. "बरं. पत्रिका छापायला टाकायची हुती, ती थांबवायलोय. मंग कळवतो."

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या शहरात एवढी माणसं, आणि पकडायला तुम्हाला नेमके तुम्हीच सापडलात." मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली, पत्रिका थांबवलीय हे तिने ऐकलं, आणि परत आत गेली. तिचं गुणगुणणं बंद झालं. ती रडली असती, माझ्यावर ओरडली असती तरी मला चाललं असतं. संध्याकाळपर्यंत ती मांडणीवरची भांडी घासून पुसून परत तिथेच मांडत बसली, आणि मला माझी इतकी लाज वाटली की मी अंगणात जाऊन बसलो.

सकाळी उठून मी साहेबांकडे गेलो. माझा शेरा त्यांच्यासमोर पडद्यावर उघडाच होता.

"लागला का शोध?" त्यांनी विचारलं.

"लागला, साहेब. मीच आहे तो."

"ते शाखेत सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही इतकं कडक लिहिलंत की मला वाटलं, तुम्ही स्वतःविरुद्धच तक्रार करताय. मी म्हटलं माणूस तत्त्वाचा आहे, आपण मध्ये पडू नये."

मग त्यांनी गंभीरपणे नियम सांगितला, आणि तो माझ्या बाजूचा निघाला याची मला आणखीच लाज वाटली. पोलिसाने सांगितलं म्हणून गाडी लावली असेल, तर चालकाचा दोष नाही. चलान रद्द करता येतं, फक्त कोणी सांगितलं आणि का सांगितलं ते सांगणाऱ्याने लिहून द्यायचं. फोटो खरा होता, फोटोत काय चाललंय हे मी ओळखलेलंही खरं होतं. मी लिहून दिलं की सदर अंमलदार मी असून वाहन माझ्या होणाऱ्या व्याह्यांचं होतं, आणि मला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. साहेब म्हणाले, शेवटचं वाक्य गरजेचं नाही. मी म्हटलं राहू द्या. चलान रद्द झालं आणि मला खुलाशाचा मेमो मिळाला.

पण मामांना चलान झोंबलंच नव्हतं. ते रद्द झाल्याचं कळवलं तरी उदगीरहून काही उत्तर आलं नाही. जावयाने मुलीला नुसतं एवढंच सांगितलं की मामा म्हणतात, आपल्याला कायद्याचा धाक दाखवून हा माणूस स्वतः चोख ठरायला बघतो, असल्या घरात सोयरीक नको. तेव्हा मी उदगीरला जायला निघालो. मुलगी म्हणाली, मीही येणार. लग्नाआधी मुलीने त्या घरी जाणं बरं दिसत नाही, असं बायकोने परोपरीने सांगितलं. मुलीने चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

मामांची आडत खाली आणि घर वर. खाली तुरीची पोती उतरत होती. मामा गादीवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी बसा म्हटलं, पण हातातली नमुन्याची तूर काही खाली ठेवली नाही. मी मोबाइल पुढे करून चलान रद्द झाल्याचं दाखवलं.

"ते झालं की," मामा म्हणाले. "चलानाचं मला काय न्हाई. पन तुमी म्हनता वळखलो न्हाई. तुमी तर चाकावरच्या धुळीवरून चाकूर वळखताव."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी मामींच्या फोनचं सांगून टाकलं. वरच्या जिन्यात कोणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामा हसले नाहीत.

"ते र्‍हाऊ द्या. मानसाला सवताचा फोटो वळखू येत न्हाई, हे मी कसं मानू? तुमीच सांगा. तुमच्यासमोर असं कुनी सांगितलं तर तुमी काय दाबताव, मंजूर का नामंजूर?"

मी विचार केला. माझ्यासमोर असं कोणी येऊन सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ खरं सांगायला होतं आणि ते पटेल असं सांगायची सोय नव्हती. दिवसरात्र लोकांच्या गाड्यांचे फोटो बघून निकाल देणारा मी, तिथे पोत्यांमध्ये आरोपीसारखा बसलो होतो.

"मामा, मी सांगू का?" मुलगी म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी होती, पदर सावरून, आवाज न वाढवता.

"बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांची पाठ त्यांना ओळखू येणारच नाही, ती त्यांनी कधी बघितली? ती मला माहीत आहे. दसरा असू द्या, गणपती असू द्या, माझा वाढदिवस असू द्या, बंदोबस्त लागला की बाबा निघायचे. मी दारात उभी राहायची. त्यांना उशीर झालेला असायचा, ते कधी मागे बघायचे नाहीत. मी लहान होते तेव्हा मला बाबा म्हटलं की तोंड नाही, ती पाठच आठवायची. त्या फोटोत तर सगळं स्वच्छ दिसतंय. अंधारात नुसती सावली दाखवली असती तरी मी सांगितलं असतं, हे बाबा आहेत म्हणून. मला विचारलं असतं तर हे काहीच झालं नसतं."

ती तक्रार करत नव्हती. साक्षीदार पंचनाम्याला जे पाहिलं ते सांगतो, तसं तिने सांगितलं आणि बसली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ती दारात उभी राहायची, हे मला त्या दिवशी, त्या आडतीत, परक्या माणसांसमोर कळलं.

मामांनी हातातली तूर पोत्यात टाकली आणि हात झटकले. मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून कानडीत काही सांगितलं, आणि वर ताटं मांडल्याचा आवाज यायला लागला.

"जेवून जा," ते मला म्हणाले. "पत्रिका उद्याच टाकतो छापायला. पोरगी आमची हाय आता." मग म्हणाले, "आन पाहुणे, लग्नाला युनिफॉर्मवर नगा येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीला निघालो. फाटकापाशी आलो, थांबलो आणि ठरवून मागे वळून पाहिलं. दार लोटलेलं होतं. दारात कोणी नव्हतं. आतून मुलीचा आवाज येत होता, ती फोनवर हसत होती. दारात येऊन उभं राहणं तिने केव्हा सोडलं, ते मला माहीत नाही.